लेझीम या शब्दाची चाल

२०२५ च्या जानेवारीत एका ऐतिहासिक हिंदी चित्रपटाच्या झलकीत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून वाद पेटला आणि अखेर ते दृश्य चित्रपटातून वगळण्यात आले. दृश्य असावे की नसावे, या प्रश्नात मला येथे शिरायचे नाही. माझे लक्ष गेले ते वाद घालणाऱ्यांच्या शब्दांकडे. आक्षेप घेणारे म्हणत होते की राजाला ‘नाचताना’ दाखवले. बाजू घेणारे म्हणत होते की लेझीम हा आपला पारंपरिक ‘खेळ’ आहे, त्यात कमीपणा कसला? वस्तू एकच, हालचाली त्याच, पण एकाला तो नाच वाटतो आणि दुसऱ्याला खेळ. शब्दाच्या अर्थाबद्दल इतके मूलभूत दुमत असेल, तर त्या शब्दाच्या पोटात एकाहून अधिक अर्थ एकावर एक साचलेले असणार, असा संशय येणे स्वाभाविक आहे. आणि लेझीमच्या बाबतीत तो संशय खरा ठरतो.

आज मराठीत ‘लेझीम’ हा शब्द तीन गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली म्हणजे हातात धरायचे साधन : लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या. दुसरी म्हणजे ते साधन घेऊन करायचा व्यायाम, ज्याची ओळख बहुतेकांना शाळेच्या मैदानावर होते. तिसरी म्हणजे हलगीच्या किंवा ढोलताशाच्या तालावर मिरवणुकीत रंगणारा नाच. या तीन अर्थांचा क्रमही हाच आहे. आधी वस्तू, मग व्यायाम आणि शेवटी नाच. व्याकरणात मात्र या शब्दाचे अजून नीट बस्तान बसलेले नाही. कोणी ‘ती लेझीम’ म्हणतो, कोणी ‘ते लेझीम’. मी स्त्रीलिंगी वापरतो, कारण लहानपणापासून तसेच ऐकले आहे आणि अनेकवचनात ‘लेझमी’ हे रूप तोंडात सहज येते.

हा शब्द फारसीतून आलेला आहे. फारसीत ‘लेज़म’ म्हणजे धनुर्विद्येच्या सरावासाठी वापरायचे धनुष्य. लढाईचे धनुष्य ताठ आणि चिवट असते. ते ओढण्यासाठी खांदा, पाठ आणि दंड आधी तयार करावे लागतात आणि ती तयारी करून घेण्यासाठी हे वेगळे धनुष्य असे. उत्तर हिंदुस्थानात या शब्दाचा उच्चार ‘लेज़िम’ असाही होऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्तानी कोशांत त्याचा अर्थ दोरीच्या जागी लोखंडी साखळी असलेले, कसरतीचे धनुष्य असा दिलेला सापडतो. म्हणजे दांडा आणि साखळी ही जोडी त्या काळी जमलेली होती. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) बसून जुने कोश चाळण्याचा नाद मला आहे आणि त्या नादातूनच हा शब्द माझ्या मागे लागला. एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती कोशात ‘फा.’ या एकाक्षरी खुणेने संपते, पण खरी गंमत त्या खुणेच्या पलीकडे असते.

इराणमध्ये या साधनाचा भाऊबंद आजही जिवंत आहे. तेथील पारंपरिक व्यायामशाळेला ज़ूरख़ाना म्हणतात. शब्दशः बळाचे घर. या व्यायामपरंपरेची नोंद २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. ज़ूरख़ान्यात जे लोखंडी धनुष्य वापरतात त्याला ‘कब्बादे’ असे नाव आहे. दोरीच्या जागी जड साखळी, साखळीत लोखंडी कड्या किंवा चकत्या, आणि हे सारे दोन्ही हातांनी डोक्यावर धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे तोलत राहायचे. उंच बैठकीवर बसलेला मुर्शद ढोलासारखे वाद्य वाजवत कवने म्हणतो आणि खालच्या खोलगट आखाड्यातील पैलवान त्या तालावर कसरत करतात. ज्याने सांगलीकडची लेझीम पाहिली आहे, त्याला हे वर्णन वाचताना वेगळे काही सांगण्याची गरज पडू नये. साधनाची घडण, चकत्यांचा आवाज आणि वाद्याच्या ठोक्यावर शरीर चालवणे, या तिन्ही गोष्टी तेथेही आहेत. फरक इतकाच की इराणी पैलवान जागच्या जागी वजन तोलतो आणि आपला गडी ते घेऊन रिंगणात फिरतो.

फारसीतून मराठीत आलेल्या धनुष्याच्या दोन शब्दांचे नशीब पाहण्यासारखे आहे. फारसीत धनुष्याचा सर्वसाधारण शब्द ‘कमान’. तो मराठीत आला आणि तीरकमान या जोडशब्दात थोडाफार टिकला खरा, पण एरवी त्याने इमारतीत मुक्काम केला. आज कमान म्हटले की दरवाज्यावरची, पुलाखालची किंवा उत्सवात रस्त्यावर उभारलेली कमान डोळ्यांपुढे येते, बाण लावायचे धनुष्य येत नाही. आणि सरावाचे धनुष्य, म्हणजे लेज़म, ते मिरवणुकीत नाचू लागले. दोन्ही शब्दांनी धनुष्याचा आकार सोडला नाही, काम मात्र सोडले.

उच्चाराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ‘लेजीम’ बरोबर की ‘लेझीम’ हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. फारसीतील ‘ज़’ हा आवाज मराठीत साधारणपणे ‘ज’ने लिहिला गेला : जमीन, बाजार, मजा, जोर. मजा आणि बाजार या शब्दांत आपला दंततालव्य ‘ज’ मूळ आवाजाच्या बराच जवळ जातो. परंतु पुढे इकार आला की मराठी ‘ज’ तालव्य होतो आणि मूळचा घर्षणाचा आवाज हरवतो. ‘लेजीम’ लिहिले तर नेमके तेच होते. तो आवाज राखण्यासाठी कोणीतरी ‘झ’ पुढे केला असावा, जसा ‘वजीर’च्या शेजारी ‘वझीर’ही लिहिला जाई आणि जसा आज आपण क्विझ, झेरॉक्स, झूम लिहितो. माझ्या मते दोन्ही लेखने चालावीत, मात्र प्रचारात ‘लेझीम’ पक्की झालेली आहे आणि साखळीचा झणझणाट त्या ‘झ’मध्ये लोकांना ऐकू येत असेल, तर ती पुढेही मागे हटणार नाही.

याच ठिकाणी दोन खोट्या नातलगांनाही बाजूला करावे. जुन्या मराठी पत्रव्यवहारात ‘लाजीम’ असा शब्द भेटतो, त्याचा अर्थ उचित, आवश्यक; ‘ऐसे करणे लाजीम नाही’ अशा धर्तीवर तो येतो. तो अरबी ‘लाज़िम’ आहे आणि त्याचा धनुष्याशी काही संबंध नाही. दुसरा नातलग अलीकडचा आहे. ‘झीम’ आणि इंग्रजीतील ‘जिम’ यांच्यात व्यायामाचा धागा दिसतो म्हणून कोणी त्यांना जोडू पाहील, तर त्याने हे ध्यानात घ्यावे की तो युरोपीय शब्द ‘उघडा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, कारण प्राचीन ग्रीक मंडळी कपडे उतरवून व्यायाम करीत. लेझीमवाल्यांनी तर फेटाही सोडलेला नाही.

आता साधनाकडे वळू. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने साखळीच्या मध्यावरची मूठ धरायची. हात एकमेकांपासून दूर नेले की साखळी ताणली जाते आणि दांडा व साखळी मिळून ताणलेल्या धनुष्याचा त्रिकोण तयार होतो. हात जवळ आणले की साखळी सैल पडते, चकत्या एकमेकींवर आपटतात. म्हणजे लेझीमचा प्रत्येक आवाज हा धनुष्य ओढून सोडण्याच्या क्रियेतून निघतो. बाण नाही, नेम नाही, शत्रू नाही. प्रत्यंचा ओढणे आणि सोडणे एवढेच उरले आहे. व्यायामाच्या जड साधनांतील साखळीचे प्रयोजन वजन वाढवणे हे असणार, आणि कड्यांचा खणखणाट हा त्या वजनाबरोबर फुकट आलेला भाग असणार. पुढे बंदुकांनी धनुष्याला कामावरून काढले आणि सरावाच्या धनुष्याला सराव कशाचा करायचा हेच उरले नाही. माझा तर्क असा की या टप्प्यावर फुकट आलेला आवाज मुख्य झाला आणि मुख्य असलेले वजन उतरत गेले. दांडा आखूड झाला, चकत्या पातळ झाल्या, कारण पातळ पत्रा अधिक बोलतो. आजची शाळेतील लेझीम दीड फुटाच्या आसपास असते आणि चौथीतले मूलही ती सहज उचलते. तिच्याने दंड फुगत नाहीत. दम मात्र निघतो, आणि पायांची कसोटी लागते.

लेझीम मराठीत एकटी आली नाही. ती ज्या घरात वाढली त्या घराचे नावच ‘तालीम’ आहे. हा अरबी शब्द, अर्थ शिकवण. फारसीच्या वाटेने तो आला आणि मराठीत त्याने नाटकाची तालीम आणि कुस्तीची तालीम असे दोन संसार थाटले. पैलवान फारसी, कुस्ती फारसी, जोरबैठकांतील ‘जोर’ फारसी, आणि आपण ज्यांना मानाने ‘वस्ताद’ म्हणतो तेही फारसी ‘उस्ताद’च. शेजारी आखाडा आणि मल्लखांब हे संस्कृताकडून आलेले शब्द तितक्याच सुखाने नांदतात. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथ पंडितांकरवी जो राजव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत आणि त्यात शस्त्रवर्गही आहे. पुढे विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. कचेरीतले कित्येक शब्द या दोन्ही लाटांत बदलले. तालमीच्या लाल मातीतले शब्द मात्र घट्ट रुतून राहिले. याचे कारण मला असे वाटते की कचेरीचे शब्द कागदावर राहतात आणि कागद बदलता येतो, तर तालमीचे शब्द वस्तादाच्या तोंडून शिष्याच्या कानात जातात आणि तेथे कोशकाराचा हात पोहोचत नाही. जाता जाता एक व्याकरणाची नोंद करतो : ‘तालीम’चे ‘तालमीत’ होते, तसेच ‘लेझीम’चे ‘लेझमी’ होते, मधला दीर्घ ‘ई’ दोन्हीकडे सारखाच गळतो. परके शब्द मराठीच्या वळणावर असे वाकू लागले की ते घरचे झाले असे समजावे.

तालमीतील लेझीम मैदानावर आली ती संघव्यायामामुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी व्यायामाला शिस्तीचे रूप देण्याचे मोठे प्रयत्न झाले. बडोद्याला प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून सामुदायिक व्यायामाची आखणी केली आणि इंग्रजी हुकमांच्या जागी देशी आज्ञा रूढ करण्याचा आग्रह धरला. अमरावतीला १९१४ मध्ये सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायाम आणि खेळ १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत नेऊन दाखवले. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी अनेक खंडांचा व्यायामज्ञानकोश संपादित केला. या साऱ्या खटपटीत लेझीम अतिशय सोयीची ठरली, कारण शंभर मुले एकाच ठोक्यावर हलवायची असतील तर त्यांच्या हातात आवाज करणारी वस्तू देण्यासारखा दुसरा उपाय नाही. एकाचा ठोका चुकला तर तो सर्वांना ऐकू येतो. कवायतीच्या मास्तरांना याहून चांगला हेर कोठून मिळणार?

मग तिची भाषाही मैदानाची झाली. ‘लेझीम स्कंध’ म्हटले की लेझीम खांद्याला. ‘हुश्शार’ म्हटले की ताठ. ‘चार आवाज’, ‘आठ आवाज’ ही प्रकारांची नावे, कारण एका आवर्तनात साखळी किती वेळा वाजते त्यावरून ती मोजायची. बैठक आहे, पवित्रा आहे. (या ‘पवित्र्या’चा पावित्र्याशी काही संबंध नाही; पाय रोवून उभे राहण्याची ती रीत आहे आणि दांडपट्ट्यापासून कुस्तीपर्यंत सर्वत्र ती भेटते.) या यादीत एकही शब्द नाचाच्या दुनियेतला नाही. गिरकी नाही, ठुमका नाही, मुद्रा नाही, अदा नाही. माझ्या शाळेत प्रजासत्ताकदिनाच्या आधीचे पंधरवडे या शब्दांनी गाजत आणि त्या काळात आम्हां मुलांपैकी कोणालाही आपण नृत्य करतो आहोत असे वाटले नसते; तसे कोणी म्हटले असते, तर निम्म्या मुलांनी लेझीम खाली ठेवली असती. हा आमचा त्या वयातील अडाणीपणाच होता, पण शब्दाभोवतीचे वातावरण कसे असते हे त्यातून कळते.

येथे क्रियापदाकडे पाहायला हवे. मराठीत लेझीम ‘खेळतात’. कोणी ‘मी लेझीम नाचलो’ म्हणत नाही. चित्रपटाच्या वादात हा मुद्दा अनेकांनी मांडला आणि तो वरवर बिनतोडही वाटतो. पण हे क्रियापद एकटे साक्षीला उभे करता येणार नाही. टिपऱ्या खेळतात, झिम्मा खेळतात, गोफ खेळतात, आणि शेजारी गुजरातीत तर गरबाही ‘रमतात’, म्हणजे खेळतातच. ठाण्यातील नवरात्रात मराठी मुलेही गरबा खेळायला जातात, नाचायला नव्हे. रिंगण करून, अनेकांनी मिळून, एकमेकांच्या ठोक्याला ठोका देत जे काही करायचे ते या पश्चिमेकडच्या भाषांना खेळ वाटते. तुकाराम महाराजांच्या गाथेत हमामा, हुंबरी, टिपरी, फुगडी यांवर अभंग आहेत, आणि त्यांच्याच रांगेत हुतुतू आणि विटीदांडूही आहेत. आज आपण यांतील काही ‘लोकनृत्ये’ आणि काही ‘क्रीडाप्रकार’ अशा दोन कपाटांत ठेवतो. तुकोबांच्या काळच्या बोलीला हे कपाट एकच होते.

उलट ‘नाच’ हा शब्द संस्कृत ‘नृत्य’वरून प्राकृत ‘णच्च’ होऊन मराठीत उतरला. नट आणि नाटक हे याच धातूच्या दुसऱ्या फांदीवरचे. त्यामुळे नाच म्हटले की नाचणारा आणि पाहणारा असे दोन पक्ष आपोआप उभे राहतात. इंग्रजांनी हा शब्द उचलला तोही दरबारातील आणि कोठीवरील मैफलींसाठीच. नाच्या, नाचगाणे, ‘नाचता येईना अंगण वाकडे’, अशा शब्दांतून या शब्दाच्या अंगाला थोडी हेटाळणीही चिकटली. खेळ म्हटले की पाहणारा असलाच पाहिजे असे नाही. राजाने नाचणे काहींना खटकले त्यामागे हा जुना अर्थसंकेत होता, आणि बाजू घेणाऱ्यांनी ‘खेळ’ हा शब्द पुढे केला तोही त्याच संकेताला मान देऊन. दोघांनाही नाच कमी दर्जाचा वाटत होता! मला स्वतःला लेझीमला नाच म्हणण्यात काही उणेपणा दिसत नाही. ती व्यायामातून आली हे खरे, तशीच ती आज नाच झाली आहे हेही खरे, आणि १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम सादर झाली तेव्हा देशाने तिला लोकनृत्य म्हणूनच पाहिले.

साधनावरून नाचाला नाव पडणे आपल्याकडे नवे नाही. वारली समाजाचा तारपा नाच भोपळा आणि बांबूच्या तारपा या वाद्यावरून ओळखला जातो. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, त्यामुळे हा नाच आता आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा झाला एवढेच. टिपरीचे नाव काठीवरून, गोफाचे नाव गुंफण्यावरून. पण या साऱ्यांत साधन मुळात नाचासाठी, वादनासाठी किंवा खेळासाठीच बनलेले आहे. लेझीम हे युद्धाच्या तयारीचे साधन होते आणि नाव न बदलता ते नाचाचे झाले, हे तिचे वेगळेपण.

लेझीमच्या शब्दाला अगदी अलीकडे एक विशेषण लागले आहे आणि ते मुंबई, ठाणे, नवी मुंबई याच पट्ट्यात कानावर पडते : ‘घाटी लेझीम’. घाटावरून, म्हणजे सह्याद्रीच्या वरच्या अंगाने, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागांतून आलेली ती घाटी. हा शब्द मुंबईत कसा वापरला जातो हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. गावंढळ, अडाणी, शहराला न शोभणारा, असा टोमणा त्यात असतो आणि तो ऐकून घेतलेल्या माणसांच्या पिढ्या आहेत. त्यांतील फार मोठा वर्ग माथाडी कामगारांचा. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या या माणसांसाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून तुर्भे-वाशीकडे हलले, आणि बाजारामागोमाग कामगारांची घरे कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत झाली. पाटण, जावळी, वाई, शिराळा अशा तालुक्यांची गावेच्या गावे मंडळांच्या रूपाने येथे वसली, आणि त्यांनी गावची लेझीम येथे आणली. घाटी लेझीम हे नाव दुसऱ्यांनी टोचून ठेवलेले असेल किंवा स्वतः घेतलेले असेल, आज पथके ते फलकावर मोठ्या अक्षरांत मिरवतात. जो शब्द एरवी खाली मान घालायला लावी, तो लेझीमच्या मागे उभा राहिला की फेट्याइतका ताठ होतो.

घाटी लेझीम आणि शाळेतील लेझीम यांत फरक आहे, आणि तो ऐकूनच कळतो. शाळेत शिटी किंवा ढोल असतो, आज्ञा असतात, रांगा सरळ असतात. घाटी लेझीमला हलगी लागते. हलगी हा शब्द पुन्हा वेगळ्याच दिशेचा आहे. कानडीत ‘हलगे’ म्हणजे फळी, आणि त्या चपट्या चर्मवाद्यालाही तेथे हाच शब्द आहे. हलगीच्या जोडीला घुमके आणि कैताळ असले की संच पुरा होतो. तेथे आज्ञा नसतात. हलगीवाला चाल बदलतो आणि गडी ती ओळखून पाय बदलतात. ठेका वाढत वाढत जातो, त्या टप्प्याला ‘घाई’ म्हणतात, आणि तेथे साखळीचा आवाज सुटा सुटा ऐकू येत नाही. वाकून, उडी घेऊन, शेजाऱ्याच्या लेझमीवर लेझीम टेकवून जे चालते, त्यात व्यायामशाळेची शिस्त आणि नाचाची मस्ती यांच्यामध्ये रेघ ओढणे मला तरी जमलेले नाही.

ठाण्यात गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरात दोन्ही प्रकार एकापाठोपाठ पाहायला मिळतात. पुढे शाळेच्या मुली नऊवारीत, ‘आठ आवाज’ मोजत. मागे एखादे पथक हलगी घेऊन. प्रेक्षकांतील कोणालाही विचारा, तो दोघांना लेझीमच म्हणेल. त्या एका शब्दात फारसी धनुष्य आहे, त्याच्या मागे कानडी फळी वाजते आहे, आणि आज्ञा संस्कृत-मराठी मिश्र आहेत.

पथकांच्या बोलीत या शब्दाला आणखीही रूपे फुटू लागली आहेत. ‘लेझीमवाले’ जुने झाले, आता ‘लेझीमपटू’ छापून येते, बुद्धिबळपटू आणि धावपटू यांच्या धर्तीवर. म्हणजे शब्द पुन्हा क्रीडेच्या बाजूला झुकला. दुसरीकडे सांस्कृतिक स्पर्धांच्या पत्रिकांवर ‘लेझीम नृत्य’ असे लिहिलेले असते. आमच्या संकुलातील गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत यंदा ‘लेझीम खेळ व नृत्य’ असे होते. छापणाऱ्याने वाद टाळला असावा. विसर्जनाच्या मिरवणुकीत ज्या मंडळींनी ती धरली, त्यांनी पत्रिका वाचलेली नव्हती, आणि हलगी सुरू झाल्यावर तासाभरात त्यांतील चार जणांनी पाण्याची बाटली आणि एकाने खुर्ची मागितली. तेव्हा तो व्यायाम होता याबद्दल निदान आमच्या गल्लीत तरी दुमत राहिले नाही.